ओयसारा खालांच्या दारातून जाणारा ट्रॅक्टर

शक्ती कमी पडली तर ट्रॅक्टर मातीत अडतो आणि शक्ती वाढली तर दारात अडतो. या दोहोंच्या मधल्या जागेसाठी समिती लागते. मर्गिलान शहराजवळच्या आमच्या मोहल्ल्याने ती नेमली. सदस्य अकरा, सरासरी वय एकाहत्तर, चिटणीस मी (वय चौपन्न, म्हणून चहा मीच ओततो).

आमच्याकडे जमीन घरामागच्या परसात असते आणि तिकडे जायला अंगणातूनच वाट. ओयसारा खालांचं परस सहा गुंठे, माती चिकण, खणणारा मुलगा रशियात. मार्चातल्या नवरोजच्या आत बटाटा लावून झाला नाही तर पुढे उन्हात जळतो आणि खालांचा हिवाळा नुसत्या पावावर जातो. तेव्हा चाचण्या त्यांच्याच परसात घ्याव्यात, असं समितीने उदार मनाने ठरवलं.

पहिला ट्रॅक्टर पंधरा एचपीचा. दारातून अलगद आत आला, रोटाव्हेटर मातीला टेकताच धाप लागून बंद पडला. पण दारी आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं? खालांनी गाजर-मटणाचा ओश शिजवला (समितीचा अभिप्राय : भातात गाजर कमी).

दुसरा पंचवीसचा. ताकद नामी. मात्र वाटेत नऊ घरं लागली, आणि आमच्यात पाहुणा चहापावाशिवाय घरावरून पुढे जात नाही. तो पोहोचला तेव्हा दिवस मावळला होता आणि चालकाला खाली उतरवायला चौघं लागले. मी नोंद केली : मातीसाठी अठरा एचपी, चालकाच्या पोटासाठी बारा, सबब पंचवीस अपुरे. खालांनी पुन्हा ओश शिजवला.

तिसरा पस्तीसचा. तो दारातच अडकला.

"दार काढून टाकू," समितीचे प्रमुख तुरगुन अक्सकल (म्हणजे मोहल्ल्यातले वडीलधारे) म्हणाले.

"दार माझ्या धन्याने बसवलंय, अक्सकल," खाला म्हणाल्या. "ट्रॅक्टर बारीक होत नसेल तर निदान तुम्ही तरी व्हा."

त्या दिवशी ओश मिळाला नाही. समितीने खेद नोंदवला.

पुढल्या बैठका आम्ही परसातच सतरंजी टाकून घेतल्या, ऊन छान पडायचं. खालांनी कुदळ घेतली आणि दुसऱ्या कडेने खणायला लागल्या. आठ दिवस आम्ही शक्तीवर चर्चा केली. नवव्या दिवशी अक्सकलांनी खालांकडे निरखून पाहिलं आणि मला लिहून घ्यायला सांगितलं : शक्ती एक दशांश एचपी, रुंदी दारातून जाण्याजोगी, इंधन चहा, वाटेत कुठे जेवायला थांबत नाही. सर्व अटींत बसणारं हे एकच यंत्र निघालं. खरेदीची गरज नाही, हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

तेवढ्यात खाला सतरंजीपर्यंत आल्या. "पाय वर घ्या. तुमच्या बुडाखालचं तेवढं राहिलंय."

आम्ही एकमताने पाय वर घेतले. मला लाज वाटली, पण नोंदवहीत लाजेला रकाना नाही.

बटाटा नवरोजच्या आदल्या दिवशी लावून झाला. समिती अर्थातच कायम आहे, आणि तिच्यात एक जागा रिकामी आहे. अटी तीन : मनुष्याने सगळी हकिगत बसून ऐकावी, मधूनमधून हसावं, आणि शेवटपर्यंत कुदळीला हात लावू नये. तुम्ही तिन्हींत बसता. या, चहा ओतलाय.