आभाळातल्या माशाचे काटे

एका जंगलात, मुलांनो, मासे खायला बंदी होती. खायचे सगळेच. फक्त काटे कुणी मागे ठेवत नसे.

एका सकाळी आभाळातच काटे दिसले. मधोमध लांब पांढरा कणा, दोन्ही बाजूंना बरगड्या. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. मांसाचा पत्ता नाही.

तळ्याचा बंदोबस्त मगरीणबाईंकडे होता. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच बगळेबुवांना धरलं. एवढी लांब मान दुसऱ्या कुणाची होती?

बगळेबुवा रडकुंडीला आले. जन्मभर मासे खाल्ले, एकदाही सापडले नाहीत. आणि आता न खाल्लेला मासा नडला. शिक्षा होती तळ्यावरून हकालपट्टी. बगळ्याला तळं नाही म्हणजे उपासमारच की.

सिंहमहाराजांपुढे खटला उभा राहिला. बगळेबुवांनी साक्षीला हंसीणताईंना आणलं. त्या दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून येत.

"महाराज, तो ढग होय," हंसीणताई म्हणाल्या. "फार उंचावर इतकी थंडी असते की वाफेचं थेट बर्फ होतं. अगदी बारीक कण. वारा ते ओढत नेतो. मधे कणा राहतो, बाजूंना बरगड्या निघतात. असा ढग क्वचितच दिसतो."

"म्हणजे काटे बर्फाचे," मगरीणबाई म्हणाल्या. "मग मांस कुठे गेलं?"

"मांस नव्हतंच."

"पाहिलंत महाराज? किती स्वच्छ खाल्लंय."

तेवढ्यात वारा फिरला आणि ढग विरून गेला.

"आता पुरावाही खाल्ला," मगरीणबाई म्हणाल्या.

दरबारात कुजबुज झाली. बगळेबुवांनी डोळे मिटले, एक पाय वर घेतला आणि विचार केला. असा विचार ते तळ्यात रोज करत.

"महाराज, खोटं कशाला बोलू? मीच खाल्ला. एकट्याने. न्याहारीला."

महाराजांनी या डोंगराकडे पाहिलं. मग त्या डोंगराकडे. मग स्वतःच्या अंगाकडे.

"आणि दुपारी काय घेता आपण?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजून ठरवलं नाही," बगळेबुवा म्हणाले.

दुपारच्या आत बगळेबुवा मत्स्यरक्षणमंत्री झाले. मगरीणबाई त्यांच्या हाताखाली आल्या. तळं सोडावं लागलं ते हंसीणताईंना. मंत्रिमहोदयांच्या न्याहारीला त्यांनी ढग म्हटलं होतं. मला त्यांचं फार वाईट वाटतं, पण मीही हे तळ्यापासून लांब बसूनच सांगतो आहे.

तात्पर्य: गुन्हा कबूल करायला कधी लाजू नये. फक्त तो आपण केलेला नसावा, आणि दिसायला आभाळाएवढा असावा.