सासूबाईंच्या फुलांचा रंग

झाडं माझं ऐकतात. माणसं ऐकत नाहीत, बायको तर मुळीच नाही. पण झाडं ऐकतात! आमच्या खिडकीतला मनीप्लँट आजवर माझ्या शब्दाबाहेर गेलेला नाही. (तो बाटलीतल्या पाण्यात आहे, जाणार कुठे, हा भाग वेगळा.)

म्हणूनच सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले आणि त्यांनी खिशातून औषधाची एक जुनी बाटली काढून टेबलावर ठेवली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाबा, हे माझ्यावर सोडा!"

बाटलीत बी होतं. मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत. फर्गेट-मी-नॉटचं. सासूबाई दर वर्षी ते धरायच्या, वाळवायच्या आणि पुढच्या वर्षी परसात पेरायच्या. त्या घरात एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. 'बारकी फुलं' म्हटलं की भागायचं. यंदाही बी धरून झालं, वाळवून झालं, बाटलीत भरून झालं, आणि पेरायच्या आधीच त्या गेल्या. घर रिकामं करताना बाबांनी कपाटं वाटली, भांडी वाटली, पलंगसुद्धा कुणाला तरी देऊन टाकला. स्वतःबरोबर आणली ती एक बॅग आणि ही बाटली.

"नीट पेर हं," बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "आईच्या हातचं एवढंच उरलंय. हे गेलं की संपलं."

"अगं, बी पेरायचंय, हृदय बदलायचं नाहीये!"

"तू पेरणार आहेस म्हणून सांगतेय."

मी अभ्यासाला लागलो. एक तज्ज्ञ म्हणाला, या बियाला अंधार लागतो, मातीखाली झाका. दुसरा म्हणाला, उजेड लागतो, उघडं ठेवा. मी दोघांचाही मान ठेवला. दारापुढच्या वाफ्यात अर्धं झाकलं, अर्धं उघडं ठेवलं. उघड्या अर्ध्याचा मान त्याच दिवशी चिमण्यांनी ठेवला.

उरलेलं अर्धं मातीखाली गेलं ते गेलंच.

बाबा रोज सकाळी वाफ्यासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसू लागले. सासूबाई गेल्यापासून त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते, 'हो' आणि 'नको'. चहा? हो. साखर? नको. बरं वाटतंय का? इथे दोन्ही शब्द चालत नसत, म्हणून ते नुसते मातीकडे बघत. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर माणसं बसतात ना, तसे.

"तू बी उलटं तर नाही ना पेरलंस?" बायकोने विचारलं.

"बियाला उलट-सुलट नसतं!"

"सगळ्याला असतं. तुलाच दिसत नाही."

मग एके दिवशी बाबांनी तिसरा शब्द काढला. खुर्चीतून मान वळवून त्यांनी विचारलं, "आलं?"

"येतंय!" मी म्हणालो.

काहीही येत नव्हतं. वाफा एखाद्या सरकारी कचेरीसारखा शांत होता. पण त्या एका शब्दात एवढी आशा होती, की मला राहवेना. त्याच दुपारी बाबा झोपले होते, बायको दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, तेवढ्यात मी रोपवाल्याकडे धाव घेतली.

"फर्गेट-मी-नॉट आहे का?"

"कुठल्या आजारावर?"

"आजारावर नाही हो! बारीक फुलं येतात त्याला!"

"मग आहे," असं म्हणून त्याने मागून पसाभर रोपं आणून माझ्यापुढे ठेवली. उंदराच्या कानासारखी केसाळ पानं. मी ती वाफ्याच्या मधोमध लावली, माती थापटली, नखं घासली आणि बायको यायच्या आत पेपर उघडून बसलो. पेपर उलटा होता हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"आलं!"

"आलं की!" मी ओरडलो. "म्हटलं नव्हतं?"

रातोरात एवढाली पानं कशी आली, हे कुणी विचारलं नाही. दुःखात माणूस पानं मोजत नाही. बायको बाहेर आली, वाफ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवून आत पळाली. मला वाटलं, गहिवरली. लग्नानंतर प्रथमच माझ्या कर्तृत्वाने!

इथवर सगळं बेताप्रमाणे चाललं होतं. पण चार-पाच दिवसांनी बघतो तर भिंतीकडेही रोपं! मी तिथे लावलीच नव्हती. म्हणजे बी रुजलं होतं! सासूबाई आल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी मी बाजारातली तोतया मंडळी उभी केली होती! आठवडा उलटला, तर नळाकडेही रोपं! जिकडे बघावं तिकडे उंदराचे कान.

झोप उडाली माझी. तोतये काढून टाकावेत म्हणून वाफ्यात ओणवा झालो, तर बायको मागे उभी.

"काय उपटतोयस?"

"तण."

"ते तण नाहीये!" ती किंचाळली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला... आई सांगायची!"

तेवढ्यात खिडकीतून बाबा गरजले, "नको!" आयुष्यभर माणूस हळू बोलला होता. मी हातातलं रोप होतं तिथे परत खोचलं आणि नशिबावर हवाला ठेवला.

नशीब एका सकाळी फुललं. मधोमध निळं. भिंतीकडे गुलाबी. नळाकडे पांढरं शुभ्र.

आम्ही तिघं वाफ्यासमोर उभे राहिलो. वर्गात बाईंनी तिघांची एकसारखी चुकलेली गणितं फळ्यावर लिहावीत, तसे.

"आईंचं बी मिश्र असणार," मी म्हणालो.

"मधली तू आणलीस ना?" बायकोने विचारलं.

"आणि भिंतीकडची?" मी उलट विचारलं.

"मी. म्हणजे तुझ्या आधीच आणून कपाटामागे दडवली होती. मग मधली दिसली, मला वाटलं आईचीच आली. म्हणून तर रडले! आता आणलेली टाकून कशी देणार? जिवंत होती ती."

दोघांनी एकदमच बाबांकडे बघितलं.

"नळाकडची माझी," बाबा म्हणाले.

"बाबा! तुम्ही कशाला?"

"जावईबापूंनी रांगेत लावली होती. फूटपट्टी धरून लावल्यासारखी. बी असं उगवतं होय? तुला कळलं असतं. म्हणून जरा इकडेतिकडे भर घातली. खरं वाटावं म्हणून."

एवढं लांबलचक बाबा कित्येक महिन्यांनी बोलले होते, आणि ते माझी अब्रू झाकण्यावर खर्च झालं होतं.

मग हळूहळू हिशेब सगळ्यांच्याच लक्षात आला. मधली माझी, भिंतीकडची हिची, नळाकडची बाबांची. बाटलीतलं काहीच नव्हतं. एक पानसुद्धा नाही. वाफा भरगच्च फुलला होता आणि त्यात सासूबाईच तेवढ्या नव्हत्या.

"जाऊ दे," बायको डोळे पुसत म्हणाली. "निदान रंग तरी आईचाच आहे. गुलाबी."

"गुलाबी?" मी म्हणालो. "निळी होती!"

"पांढरी," बाबा म्हणाले.

"बाबा, मी त्या घरात वाढलेय!"

"आणि मी काय भाड्याने राहत होतो?"

"निळी!" मी म्हणालो. "शपथेवर सांगतो!"

"तू कधी परसात आलायस तरी का? जेवलास की आडवा व्हायचास!"

अल्बम काढला. प्रत्येक फोटोत फुलांच्या पुढे नातेवाईक उभे! एका फोटोत एका मामांच्या गुडघ्यामागे थोडी दिसत होती, पण फोटोच इतका विटलेला, की मामा आणि फुलं दोघंही चहाच्या रंगाचे झाले होते. त्यावरून पुन्हा जुंपली. आवाज चढले. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला.

"पुरे!" बाबा वैतागून म्हणाले. "उगाच भांडू नका! थांबा, मी हिलाच विचारतो."

आणि ते तरातरा घराकडे निघाले. पायरीवर एक पाय ठेवला, तोंड उघडलं, आणि तिथेच थांबले.



बऱ्याच वेळाने ते पायरीवरच बसले. बायको जाऊन त्यांच्या शेजारी बसली. पायरी दोघांपुरतीच होती, म्हणून मी झारी उचलली आणि फुलांना पाणी घालत राहिलो. काहीतरी करायला हवं होतं.

"जावईबापू," मागून बाबांचा आवाज आला. "त्या पांढऱ्यांना जरा जास्त घाला."

घातलं. भांडलो नाही. माणूस त्यांचं गेलं होतं. आणि आता शपथ मागे घेतो म्हणून सांगतो, त्या दिवशी रोपवाल्याकडे फक्त निळीच उरली होती.