आपोआप उघडणाऱ्या डिकीचं प्रकरण

दाजींच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: गुन्हेगार, आणि अजून न सापडलेले गुन्हेगार. या अफाट गर्दीसमोर दाजी एकटे उभे होते. तीस वर्षं वजनमापं तपासण्याची नोकरी केल्यामुळे आपण नुसत्या नजरेने माणूस तोलतो, असं ते सांगत. दुसरं कोणी सांगत नसल्यामुळे वारंवार सांगत.

धाकट्या मेहुण्याने वायपर बदलायला गाडी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली, तेव्हा दाजी आपणहून निघाले. "तू भोळा आहेस. फसवतील."

वायरिंगचं काम बघणाऱ्या मुलीने दहा मिनिटांत वायपर बदलले. मग गाडीची डिकी आपोआप उघडली. तिने ती लावली, तर चारही काचा खाली आल्या. त्या वर केल्या, तर पुन्हा डिकी. बिचारीने फ्यूज तपासले, बॅटरी काढून लावली, अर्धा डॅशबोर्ड खोलला.

मॅनेजर तडतडत आला. "आज तुझ्या पक्क्या नोकरीच्या कागदावर सही करणार होतो मी! आणि तू गिऱ्हाइकाची धडधाकट गाडी बिघडवलीस?"

"सर, मी फक्त वायपर बदललेत हो," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. मेहुण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेटिंग रूमच्या काचेतून दाजींनी उठत-बसत हे सगळं पाहिलं. ते सोफ्यावर धपकन बसले. बाहेर डिकी उघडली.

"घातपात!" दाजी म्हणाले. "समोरच्या शोरूमचा हेर आत घुसलाय."

हेर पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आला होता. दाजींनी अर्धा तास उभ्याउभ्या त्याची उलटतपासणी घेतली आणि समज देऊन सोडलं. तेवढा वेळ गाडी शहाण्यासारखी वागली. मग दाजी दमून बसले आणि चारही काचा खाली गेल्या.

"उपग्रह," दाजी म्हणाले. थोड्या वेळाने उठून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही! ती मुलगीच. तिच्या खिशात टेस्टर आहे. निरपराध माणसाला टेस्टर कशाला लागतो?"

मॅनेजरने हातातला कागद घडी करून खिशात घातला. मेहुण्याचा संयम सुटला. "दाजी, तुम्ही आधी गप्प बसा!"

दाजी दुखावून बसले. डिकी उघडली.

"हे बसले की ती उघडते," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "मघापासून बघतेय मी. उठा बरं काका. आता बसा."

डिकी.

"उठा. बसा."

काचा. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच दाजी उठाबशा काढत होते. शेवटी मेहुण्याने त्यांच्या मागच्या खिशातून गाडीची डुप्लिकेट किल्ली काढली. बटणं दबून पार खोल गेली होती.

"पुरावा म्हणून घरून घेतली होती," दाजी म्हणाले. "म्हणजे गुन्ह्याचं हत्यार पहिल्यापासून माझ्याच ताब्यात होतं. नोंद घ्या."

मुलीसोबत आत आलेल्या मॅनेजरला अजून पटत नव्हतं. मुलीने डोळे पुसले, किल्ली मेहुण्याच्या हातातून घेतली आणि दाजींच्या खिशात परत सरकवली.

"काका, सरांसाठी एकदा शेवटचं बसा ना."

दाजी पूर्ण इभ्रतीनिशी बसले. डिकी उघडली. मॅनेजरने बाहेर जाऊन खिशातून कागद काढला, उघड्या डिकीतच ठेवून सरळ केला आणि सही केली.