पाणी कुठं जाणार, ते आधी सांग

कामाच्या जागी पोचला की इग्गी आधी जमिनीवर पालथा पडतो. गाल फरशीला टेकवतो, एक डोळा मिटतो आणि श्वास रोखून पडून राहतो. पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतो. परळच्या एका नर्सिंग होमच्या आवारात तर वॉचमन स्ट्रेचर घेऊन धावत आला होता. इग्गीने मान न उचलता त्याला सांगितलं, "सावली पाडू नको रे. उतार बघतोय."

उतार बघून झाला की तो उठतो, पोटावरची धूळ झटकतो आणि समोर जो असेल त्याला विचारतो, "पाणी कुठं जाणार?"

"गटारात," समोरचा म्हणतो. दुसरं काय म्हणणार? मग इग्गीचा आवाज चढतो. "गटारात कळलं. गटारातून पुढं कुठं?"

नाव इग्नेशियस. गिरगावातल्या एका ख्रिस्ती वाडीत जन्मला आणि तिथेच राहतो. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. आवारं, जिने, पार्किंग प्रेशर मशीनने धुऊन देण्याचा आमचा दोघांचा धंदा. मशीन माझं, डोकं त्याचं, असं तो म्हणतो. डोकं नव्हे, ताप, असं माझी बायको म्हणते.

या धंद्यातले बाकीचे लोक काय करतात? गन सुरू करतात, मळ उडवतात, काळं पाणी जाळीतून गटारात सोडतात आणि दुपारी जेवायला घरी. आमच्याकडे तसं नाही. इग्गी आधी गटाराच्या जाळीभोवती त्याचे 'साप' घालतो. साप म्हणजे वाळू भरलेल्या कापडी नळ्या. त्यांच्यावर गुलाबी गुलाबांची छापील फुलं. ती बघून पोरं हसतात, इग्गी त्यांना शिव्या देतो. मग अडलेलं पाणी व्हॅक्यूमने ओढायचं, जुन्या साडीतून गाळून निळ्या ड्रममध्ये भरायचं, गाळ खाली बसायला रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी संडासाच्या लायनीत सोडायचं आणि खालचा चिखल गोणीत वाळवून कचऱ्यात द्यायचा. एका दिवसाच्या कामाला दोन दिवस.

"संडासाची लाइन सफाईला जाते. पावसाचं गटार सरळ समुद्रात," तो मला म्हणाला होता. "मध्ये गाळायला कोण बसलाय? तुझा मामा?"

हे त्याने एकदाच सांगितलं. इग्गी कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नाही. दुसऱ्यांदा विचारलं की फणकारतो, "कान भाड्याने दिलेत काय?" गिऱ्हाईक असो, गिऱ्हाइकाचे वडील असोत. दादरला एका लग्नात हात धुवायला म्हणून गेला तो परत येईना. बघतो तर बेसिनच्या मागे वाकून पाइप कुठे जातो ते शोधतोय आणि केटररशी कडाक्याचं भांडण चाललंय. मसालेभात टाकून मला उठावं लागलं.

मीही चिडतो. पण चिडलो की मला लगेच वाईट वाटतं, रात्री झोप लागत नाही. इग्गीला हा दुसरा त्रास नाही. तो चिडतो आणि छान झोपतो.

मे महिन्यात माझ्याच बिल्डिंगचं काम निघालं. मी लालबागला राहतो. आमच्या तळमजल्यावर मसाला कांडपाचं दुकान आहे. सगळ्या गिरणगावाचे मसाले कुटून झाले की आवाराची फरशी तांबडी होते आणि पावसात त्याचा राडा होतो. म्हणून पावसाआधी धुऊन घ्यायची. आमचे सेक्रेटरी शिरोडकर. मोठा कडक माणूस. त्यांनी बजावलं, "परब, आपल्या घरचं काम आहे. आवाज नको, तक्रार नको."

मशीन सुरू झालं आणि पाचच मिनिटांत तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे शिंकायला लागले. मिरचीच ती, उडणारच. कशीबशी फरशी झाली. इग्गीने पाणी ड्रममध्ये भरलं, ड्रम जिन्याखाली ठेवला आणि त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हात लावू नये'.

चूक इथे झाली. चाळीत वाढलेल्या माणसाला 'हात लावू नये' याचा एकच अर्थ ठाऊक असतो: आत काहीतरी चांगलं आहे. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी नाही. रस्त्यात पाइपलाइनचं काम निघालेलं. आणि जिन्याखाली काठोकाठ भरलेला ड्रम. पाणी जरा तांबूस होतं, पण आमच्या नळाला पहिलं पाणी तसंच येतं. मसाल्याचा वास होता, पण त्या गल्लीत हवेलाच तो वास. पहिल्या दोन बादल्या सेक्रेटरीचा मान म्हणून शिरोडकरांनी नेल्या. आंघोळीला.

पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की ते टॉवेलवर खाली आले तेव्हा टोमॅटोसारखे दिसत होते, आणि सगळ्या मजल्यांवरच्या बायका कठड्याला लागून उभ्या होत्या.

"हे पाणी आहे?" शिरोडकर ओरडले. "ॲसिड आहे ॲसिड. गटारात सोडायचं सोडून भरून कसलं ठेवता?"

नेमका तेव्हाच इग्गी आला. माफी मागायची सोडून त्याने ड्रममध्ये डोकावून बघितलं. "लिहिलेलं वाचता येत नाय? माझं पाणी कुणी घेतलं?"

"इग्गी, गप," मी म्हटलं.

"थांब रे." तो शिरोडकरांच्या अगदी जवळ गेला. "आंघोळ केली ती मोरीत ना? मोरी उतरते कुठं तुमची?"

शिरोडकरांनी टॉवेलची गाठ घट्ट धरली.

"गटारात उतरते. बघितलंय मी. म्हणजे रात्रभर बसवलेलं पाणी गेलं ना शेवटी समुद्रात? तुमच्या अंगावरून गेलं, एवढाच फरक."

शिरोडकरांनी हात उचलला आणि टॉवेल सुटायला लागल्यामुळेच खाली घेतला. मग माझ्याकडे वळले. "परब, उद्या सकाळपर्यंत हा ड्रम गटारात उलटा करा. आणि हा माणूस पुन्हा आवारात दिसायला नको. तो असेल तर तुमचं मशीनही इथे नको. आजूबाजूच्या सोसायट्यांनाही मी सांगतो."

कठड्यापाशी माझी बायको होती. तिने मान खाली घातली. माझ्या अंगाची लाही झाली. "जा घरी," मी इग्गीला म्हटलं. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. "किती माणसं तोडायची रे तुझ्यापायी? जा."

तो वळला. जाळीभोवतीचे साप गोळा केले, झटकले, पिशवीत भरले आणि गेला.

ड्रम उलटण्याआधी त्याला तोंडावर सांगून मोकळं व्हावं म्हणून संध्याकाळी मी गिरगावला निघालो. 'इग्गी, आता आपलं जमणार नाही.' बसमध्ये हे वाक्य मी घोकत होतो. इतक्या वर्षांत त्याने मला घरी कधी नेलं नव्हतं; घरी बायको असते, एवढंच ठाऊक होतं. वाडीच्या तोंडाशी भेटायचो आणि तिथूनच निघायचो. आज विचारत विचारत आत गेलो.

वाडीला लागून नवा टॉवर उभा होता. त्याच्या भिंतीच्या पायथ्याशी इग्गीचं बैठं घर. दाराला सिमेंटचा गुडघाभर उंच उंबरठा, तो ओलांडायला मला चौकट धरावी लागली. आत खाटेवर एक म्हातारी बाई बसली होती. अंगात गाऊन. गाऊनवर गुलाबी गुलाब, इग्गीच्या सापांवरचेच.

तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

सकाळचं सगळं हिला कळलंय आणि ही मला टोमणा मारतेय, असंच मला वाटलं. मी काही बोलायच्या आत इग्गी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आला.

"ड्रममध्ये आहे, फिलू. उद्या संडासाच्या लायनीत सोडणार."

"बरं," ती म्हणाली.

त्याचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याने मला खुर्ची दिली आणि चहाचं आधण ठेवलं. मी मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात गेलो. गॅसकडे बघत तो हळूच म्हणाला, "टॉवरवाल्यांनी एक दिवस पार्किंग धुतलं. उतार इकडे. काळं, साबणाचं पाणी, ऑइलचं. सगळं घरात. ही एकटी. खाटेवर उभी राहिली, मी येईस्तोवर तशीच. मी त्या टायमाला दुसऱ्यांची फरशी धूत होतो."

बाहेरून आवाज आला, "पाणी कुठं गेलं?"

"ड्रममध्ये आहे, फिलू. उद्या संडासाच्या लायनीत सोडणार."

"बरं."

"विसरायला आधीच लागली होती," इग्गी म्हणाला. "आता माझं नावपण कधी कधी जातं. हे एवढं राहिलं. आणि खोटं सांगितलं की कळतं तिला. कसं कळतं, देव जाणे. मग रात्रभर खाटेवर उभी राहते."

चहा उकळेपर्यंत तिने पुन्हा विचारलं. गाळताना पुन्हा. दर वेळी मी 'कान भाड्याने दिलेत काय'ची वाट बघत होतो. दर वेळी तेच उत्तर, त्याच आवाजात, जणू तिने पहिल्यांदाच विचारलंय.

आम्ही तिच्याजवळ बसून चहा प्यायलो. इग्गीने बशीत ओतून तिला पाजला. मग कप उचलता उचलता म्हणाला, "तू काय सांगायला आलास ते माहीत आहे मला. सांग. फक्त हिच्यासमोर आवाज चढवू नको." आणि कप विसळायला आत गेला.

मी खाली बघत बसलो. शिरोडकरांना सकाळी काय तोंड दाखवायचं, ते मला सुचत नव्हतं. बसमध्ये घोकलेलं वाक्य ओठांवर होतं.

फिलूआंटी माझ्याकडे वळली. "पाणी कुठं गेलं?"

आत नळाचा आवाज चालू होता. इग्गीला ऐकू गेलं नसावं.

"ड्रममध्ये आहे, आंटी," मी म्हटलं. "उद्या आम्ही दोघं जाऊन सोडणार. संडासाच्या लायनीत."

ती बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."