तिसऱ्या खांबाखालची टिटवी

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात नदी होती, नदीच्या काठाकाठानं आगगाडी जात होती, आणि दोघींच्या डोक्यावरून वाघोबांनी एक उंचच उंच पूल बांधून घेतला होता.

पलीकडे कुणाचं काही काम नव्हतं. तरी सगळं जंगल पूल बघायला जाई. मधोमध उभं राहून कणीस खाई, खालून गाडी गेली की पंजे हलवी आणि परत येई.

तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी, गोट्यांमध्ये, टिटवीची चार अंडी होती. टिटवी मुळातच घाबरट. पान पडलं तरी दचकायची. त्यात तिला खांबाला तडा दिसला. सकाळी त्यातून मुंगी गेली. दुपारी पाल गेली. संध्याकाळी सिमेंटचा टवका अंड्यांपासून वीतभर अंतरावर पडला.

टिटवीनं ओरडून जंगल डोक्यावर घेतलं.

वरच्यांनी कान झाकले. टिटवी ओरडली की अपशकुन, हे त्यांच्या आज्यांनाही ठाऊक होतं. कोल्हीणबाईंनी पुलावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्या थेट अंड्यांवर पडल्या.

शेवटी वाघोबा साळिंदराला घेऊन पाहणीला आले. साळिंदर जंगलाचा इंजिनियर. पाठीवर एवढ्या लेखण्या असल्यावर दुसरं कोण होणार? त्यानं कठड्यावरूनच वाकून पाहिलं आणि सांगितलं, तडा वगैरे काही नाही, खांब हसतोय.

"महाराज, माझी चार पिल्लं आहेत इथं," टिटवी म्हणाली. "मला अंडी उचलता येत नाहीत. निदान वरची गर्दी तरी थांबवा."

वाघोबांनी मिशीवर पंजा फिरवला. "काय गं, आभाळ पडू नये म्हणून तुम्ही टिटव्या पाय वर करून झोपता म्हणे?"

"लोक म्हणतात तसं, महाराज."

"मग पडलंय का कधी आभाळ?"

"नाही."

"झालं तर."

साळिंदरानं पाठीतली एक लेखणी उपसली आणि तिथल्या तिथं लिहून टाकलं: तिसऱ्या खांबाला टेकू दिला.

तेव्हापासून टिटवी खांबाला पाय लावून उताणी पडून आहे. आपल्या काडीएवढ्या पायांवर पूल तोललेला नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण पाय काढून बघायची छाती होत नाही. हातभर अंतरावर अंडी गार पडत चालली आहेत.

वर गर्दी दुप्पट झाली आहे. आता पुलासोबत टिटवीही बघायला मिळते ना.

तात्पर्य : पूल बघायचा तो वरूनच बघावा. खालून बघणाऱ्याला तडा दिसतो, आणि ज्याला तडा दिसतो, त्यालाच टेकू म्हणून लावतात.