ठोक भावाची हवा

"उद्या बाई गोदामात पाऊल टाकतील आणि तोंडात बोटच घालतील! बघत राहा तुम्ही!" डझनराव जेवता जेवता म्हणाले आणि हातातला घास विसरून भिंतीपलीकडे कुठेतरी बघत राहिले.

त्यांचं खरं नाव बाजारात कोणालाच आठवत नव्हतं. खेळणी आणि खेळाचं सामान ठोक भावाने विकण्यात त्यांची हयात गेली होती आणि त्या हयातीत त्यांनी सुटा नग म्हणून विकला नव्हता. सगळं डझनात! घरातसुद्धा रुमाल बारा, मोजे बारा, साबणाच्या वड्या बारा. एकदा डॉक्टरांनी पाच गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा "बाराच द्या, तुटक नको," असं औषधवाल्याला सांगून आले. आणि आणल्याच आहेत म्हणून सगळ्या खाल्ल्याही!

"तोंडात बोट घालतील की नाही ते माहीत नाही," समोर बसलेला मेहुणा म्हणाला, "पण माल घेतला नाही तर मी बादल्या ठेवणार. ठरलंय आपलं."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ आणि धंद्यात अर्ध्याचा भागीदार. गोदामभर फुटबॉल पडून होते आणि पडलेला माल जागेचं भाडं खातो, हे तो उठता बसता ऐकवत असे. बादली कशी, रोज लागते! फुटते, मग नवी लागते! शहरातल्या खेळाच्या दुकानांसाठी एकगठ्ठा खरेदी करणाऱ्या बाई उद्या येणार होत्या. त्यांनी नाही म्हटलं की फुटबॉल मिळेल त्या भावाने काढायचे आणि त्यांच्या जागी बादल्या रचायच्या, असा दोघांचा शब्द झाला होता.

डझनरावांना आजवर नाना स्वप्नं पडली होती. बादलीचं एकदाही पडलं नव्हतं.

"पण बाई तोंडात बोट का घालतील, ते तरी सांगा," बायकोने विचारलं.

"अगं, आपले फुटबॉल कसे येतात? चपटे! एकात एक घातलेल्या वाट्या जशा. तसेच येतात, तसेच जातात. उद्या मी ते फुगवून ठेवणार! मांडणीवर बारा गोल फुटबॉल! माल दिसला पाहिजे!"

बायकोने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "खरं सांगा. बाईंना दाखवायचेत, की तुम्हालाच बघायचेत?"

डझनराव एकदम वरणभातात शिरले. खरी गोष्ट तीच होती. इतके फुटबॉल त्यांच्या हातून गेले, पण त्यातला एकही त्यांनी गोल झालेला पाहिला नव्हता. ठोक व्यापाऱ्याचं नशीबच तसं. खेळणं खेळणं व्हायच्या आधीच त्याच्या दारातून निघून जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. तो हवेचं यंत्र हातगाडीवर घालून गोदामाच्या दारात हजर झाला.

"एका फुटबॉलला काय घेशील?"

पंक्चरवाल्याने भाव सांगितला. डझनरावांच्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी सुटा भाव सांगत होतं!

"अरे, हा काय भाव झाला? मी बाजारातला माणूस आहे! ठोकात काय पडेल ते बोल!"

"बारा म्हणजे काय ठोक होतं का शेठ? यंत्र इथवर आणायचीच मेहनत जास्त. गोदामातले सगळे देत असाल, तर डझनाला चौथाई भाव लावतो."

चौथाई! डझनरावांचे डोळे लुकलुकले. म्हणजे बारा भरले तर तोटा आणि सगळे भरले तर प्रत्येक डझनामागे पाऊण भाव वाचला! इतका सरळ हिशेब कोणी सोडतं का?

"भर सगळे! मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही!"

आणि ते आतल्या चाकाच्या खुर्चीत जाऊन बसले.

यंत्र घरघरू लागलं. पंक्चरवाला खोकी बाहेर ओढायचा, चपट्या वाटीत पिन खुपसायचा आणि बघता बघता ती वाटी कूस बदलून गोल व्हायची! मग तो चेंडू आत टाकायचा आणि बाहेर घरंगळू नये म्हणून शटर पुन्हा खाली ओढायचा. पहिला चेंडू टप टप करत डझनरावांच्या पायाशी आला आणि थांबला. त्यांनी तो मांडीवर घेतला. किती हलका! जणू काही नाहीच मांडीवर, आणि तरी मांडी भरलेली. छपराच्या काचेतून उन्हाचा पट्टा येत होता. त्यात पांढरे, पिवळे, निळे चेंडू हळूहळू जमत होते. यंत्राची घरघर अंगाई गायल्यासारखी एका सुरात चालली होती. डझनरावांची मान कलली.

थांब म्हणणारा माणूस झोपला! मग थांबणार कोण?

मागच्या काचेच्या केबिनमध्ये मेहुणा बादलीवाल्याशी फोनवर भाव करत होता. बाहेर अंधारून आलं असं वाटून त्याने मान वर केली, तर काचेला चारी बाजूंनी फुटबॉल टेकलेले! दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. ते बोटभरसुद्धा हलेना.

"भाऊजी! ओ भाऊजी! मला बाहेर काढा!"

पण भाऊजी तेव्हा ढगांत होते. अक्षरशः! स्वप्नात मऊमऊ गोल ढगांनी त्यांना गळ्यापर्यंत वेढलं होतं आणि प्रत्येक ढग डझनाच्या भावात मिळत होता.

दुपारी बाई आल्या.

"शेठ आहेत?"

"आतच आहेत!" पंक्चरवाला अदबीने म्हणाला आणि त्याने एका झटक्यात शटर पार वरपर्यंत नेलं.

पुढे जे झालं ते बाजारात अजून सांगतात. आधी एक चेंडू बाहेर आला, भिडस्त पाहुण्यासारखा. मग पाचसहा. मग सगळं गोदामच बाहेर आलं! रस्ता उताराचा. फुटबॉलचा लोंढा उड्या मारत खाली निघाला आणि त्याच्या मधोमध खुर्चीत बसलेले डझनराव, मांडीवर चेंडू धरून, डोळे अर्धवट उघडे, मंद हसत दिव्याच्या खांबापर्यंत गेले आणि तिथे अडकले.

"अहो! गोळा करा!" गोदामावरच्या घराच्या खिडकीतून बायको ओरडली. "सगळं भांडवल चाललंय खाली!"

डझनरावांना ऐकू आलं. पण ते उठले नाहीत. कारण उतारावर सलूनमधून एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावलेलं बाहेर आलं आणि त्याने चेंडू पायाने अडवला. टाय लावलेल्या एका साहेबांनी बॅग फुटपाथवर ठेवली आणि अशी लाथ हाणली की बूटच चेंडूबरोबर गेला! एक म्हातारी काठीने चेंडू ढकलत होती आणि "इकडे दे रे, इकडे!" म्हणून कोणा अनोळखी माणसावर खेकसत होती. रस्ताभर चेंडू टप्पे घेत होते आणि माणसं हसत होती.

डझनराव खुर्चीतून पुढे वाकून बघू लागले. म्हणजे हे असं असतं तर! आपण जन्मभर जे विकलं, ते हे! त्यांना फार आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं, की एवढे दिवस आपण हे पाहिलंच नाही.

मग त्यांना बाई आठवल्या. गेला सौदा! आता आयुष्यभर बादल्या!

ते धापा टाकत वर आले, तर बाईंनी चपला कडेला काढून ठेवल्या होत्या आणि त्या पंक्चरवाल्याला चकवत होत्या.

"बाई, माफ करा, हे जरा..."

"शेठ, मी कधीपासून खरेदी करतेय. सगळे मला माल चांगला आहे म्हणून सांगतात. चालतो कसा ते आज पहिल्यांदा कोणी दाखवलं!" बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "सगळे घेते. मात्र हवा काढून द्या. असे फुगलेले नेले तर मला हवेचंच भाडं भरावं लागेल. उद्या सकाळी तुमच्याच टेम्पोने पाठवा."

तेवढ्यात केबिनमधून सुटलेला मेहुणा विस्कटलेल्या केसांनी बाहेर आला. सौदा झाल्याचं ऐकून त्याने बादलीवाल्याचा फोन मुकाट्याने कट केला.

संध्याकाळपर्यंत लोकांनी चेंडू आणून दिले. काही खाली गल्लीतल्या पोरांकडे राहिले होते. ते आणायला डझनराव स्वतः गेले, बराच वेळ तिथे उभे राहिले आणि हात हलवत परत आले. गोदामाच्या दारात पंक्चरवाला हवा काढत होता. एकेक चेंडू सुस्कारा टाकून पुन्हा वाटी होत होता.

सकाळी मेहुण्याच्या किंकाळीने घर जागं झालं.

"भाऊजी! टेम्पो!"

माल खच्चून भरलेला टेम्पो दारात होता. आणि त्याची चारही चाकं जमिनीला चिकटलेली होती!

"कोणाचं काम हे?"

डझनरावांनी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "अरे, ते काय झालं, हवा काढायचा ठोक भाव पूर्ण डझनालाच होता. शेवटच्या डझनात आठच नग भरले. तुटक डझन सुट्या भावात जात होतं. चार कमी पडत होते आणि..."

"आणि?"

"आणि समोर टेम्पो उभा होता."

मेहुण्याने कपाळाला हात लावला. बायको पदर तोंडाशी धरून पाठमोरी झाली, तिचे खांदे हलत होते. खाली गल्लीत पोरं चार नव्या चेंडूंनी खेळत होती. डझनराव तिकडे डोळे लावून उभे राहिले.

हातगाडी ढकलत पंक्चरवाला आला. त्याने चाकांवर नजर टाकली.

"चारच ना? सुटा भाव पडेल शेठ."

डझनरावांनी पोरांवरची नजर काढली, रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांवरून ती सावकाश फिरवली, आणि मेहुणा त्यांच्या तोंडावर हात ठेवायला धावण्याआधीच बोलून गेले,

"बारा चाकांचं काय घेशील?"