चिकटपट्टीखालचा पिवळा अंगठा

चोर पकडावा तर आम्हीच! हे मी उगाच म्हणत नाही. एकोणनव्वद साली टीव्हीवर 'तिसरी खूण' लागायची, तिचा एकही भाग मी चुकवला नव्हता. गुप्तहेर नलिनीताई! सुती साडी, खांद्याला शबनम, स्कूटरला किक. पहिल्या दोन खुणांवर सगळे फसायचे आणि तिसऱ्या खुणेवर गुन्हेगार गजाआड!

त्यातला एक प्रसंग आमच्या कळव्याच्या मिठागरावर चित्रित झालेला. नलिनीताई बंधाऱ्यावरून येते आणि मीठ ओढणाऱ्या माणसाला विचारते, "इथून कोण गेलं?" तो मान वर करून उत्तर देतो. तो माणूस म्हणजे माझे बाबा, गोपीनाथ. एकच वाक्य! व्हिडिओ शूटिंगचा धंदा करणाऱ्या विठ्ठलवाडीच्या हरिहरने तो भाग आम्हाला कॅसेटवर उतरवून दिला आणि कुणी पुसू नये म्हणून कॅसेटची प्लास्टिकची खिटी मोडून टाकली. बाबा पंच्याण्णवला गेले. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, "प्रफुल्ल, तुझ्या बापसाचा आवाज इसरायला लागले रे. फोटोत तोंड हाय, आवाज कुठं हाय? ती कॅसेट लाव ना."

मी माळा उपसला, कपाटं उपसली. कॅसेट गायब!

"आई, घाबरू नकोस. आठ दिवसांत चोर हजर करतो!"

"चोर कशाला? कॅसेट आन."

पण तपासाला शिस्त असते. जुनं घर बिल्डरला दिलं तेव्हा बाबांची पेटी धाकट्या बहिणीने, दर्शनाने नेलेली. पहिली खूण! घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास कुजून मी तिच्या बाविसाव्या मजल्यावर धडकलो. तिने चहा टाकला, मी घेतला नाही. नलिनीताई संशयिताकडे पाणीसुद्धा पीत नसे.

"कॅसेट कुठे लपवलीस?"

"लपवली? बाबांच्या पंच्यात गुंडाळून ठेवलीय! तू भंगारात काढलेलीस ना, दोनदा? मी सांभाळली म्हणून आहे. आणि मलाच चोर म्हणतोस, दादा?"

तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, पण तपास अधिकाऱ्याने ते दाखवायचं नसतं. मी कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी केली आणि ओरडलोच. खिटीच्या भोकावर कुणीतरी चिकटपट्टी लावलेली! भोक बुजवलं की कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होतं, हे कुणालाही ठाऊक आहे. दुसरी खूण! आणि पट्टीच्या खाली, अगदी स्पष्ट, पिवळ्या अंगठ्याचा ठसा. तिसरी खूण!

"हळद! कुणाच्या तरी हळदीला हिच्यावर शूटिंग झालंय. दर्शना, तुझी हळद अठ्ठ्याण्णवला होती!"

"माझ्या हळदीत मी कॅसेटी शोधत फिरत होते?"

"आईसमोर होऊ दे निकाल!"

रविवारी सगळे जमलो. हरिहर त्याचा जुना व्हीसीआर घेऊन आला. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन टीव्हीसमोर बसली, जणू बाबा बाहेरगावाहून येणार होते. मी उभा राहून तिन्ही खुणांवर भाषण ठोकलं. दर्शना खाली मान घालून ऐकत होती.

कॅसेट सुरू झाली. पडद्यावर मिठागर आलं, बंधारा आला. नलिनीताई म्हणाली, "इथून कोण गेलं?" बाबांनी मान वर केली. आई पुढे सरकली. बाबांनी तोंड उघडलं...

ढँण ढँण ढँण! बँजो! आणि पडदाभर एक उघडाबंब तरुण, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, दोन्ही हात वर करून नाचतोय. तो मी होतो.

"अरे हो!" हरिहर म्हणाला. "तुझ्या हळदीला माझी कॅसेट संपलेली. तूच आतून ही आणून दिलेलीस. मी बोललो, अरे खिटी मोडलेय. तू बोललास, लाव बिनधास्त, हिच्यात काय नाय! पट्टी पण तूच लावलीस."

आठवलं. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून सगळी घाई. त्या घाईत मी वरचं लेबलही वाचलं नव्हतं. मी कॅसेट शेवटपर्यंत पळवून पाहिली. बाबा कुठेच नव्हते, सगळीकडे मीच.

आठ दिवसांत गुन्हेगार हजर करतो म्हणालो होतो, सहाव्या दिवशीच केला! दर्शना कॅसेटभोवतीचा पंचा उलगडून पुन्हा घडी घालत बसली. त्यापेक्षा मला चोर म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडलो.

"आई, काय म्हणालेले ते? तुला आठवतं?"

"कोनी नय गेला बाय, मी एकलाच हाय," आई म्हणाली. "शब्द हायेत माझ्याजवल. आवाज नय."

मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तू बारका व्हतास तवापासून असाच. तो बोलायला लागला का तू मधी. लाव परत."

हरिहरने व्हीसीआर आमच्याकडेच ठेवलाय. आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की कॅसेट लावायला सांगते. रोज बाबा मान वर करतात, तोंड उघडतात, आई पुढे सरकते, आणि मी नाचायला लागतो.